बँक उत्तर देईना, म्हणून मी बिल भरणंच थांबवलं

अमळनेर तालुक्यातल्या एका खासगी शाळेत शिकवणाऱ्या ३६ वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

आखाजीच्या आधी त्या पगाराचं खातं असलेल्या शाखेत गेल्या होत्या. तिथे टेबल मांडून बसलेल्या एका तरुणाने ‘आयुष्यभर मोफत’ म्हणून त्यांचा क्रेडिट कार्डाचा अर्ज भरून घेतला. जूनमध्ये त्यांनी कार्डावर मुलांचे गणवेश, वह्या-पुस्तकं आणि किराणा मिळून ६,२५० रुपयांची खरेदी केली. पहिलंच बिल आलं ९,७९० रुपयांचं. वरच्या ३,५४० रुपयांत वार्षिक शुल्क १,००० आणि ‘कार्ड सुरक्षा योजना’ २,०००, अधिक दोन्हींवरचा १८ टक्के जीएसटी. त्यांनी हेल्पलाइनला तीनदा फोन केले, शाखेत अर्ज दिला, एक ई-मेलही केला. पहिल्या फोनला ५२ दिवस झाले, ई-मेलला ४१. शाखेतले साहेब ‘वर पाठवलंय’ एवढंच सांगतात. वैतागून त्यांनी दोन महिने बिल अजिबात भरलं नाही. आता आकडा बारा हजारांच्या पुढे गेलाय आणि वसुलीचे फोन शाळेत येतात. यजमानांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. ते म्हणतात, ‘भरी टाक नि मोकळी व्हय.’ पुढच्या वर्षी घर बांधायला कर्ज काढायचंय. त्या विचारतात: पैसे भरले तर चूक माझीच होती असं कबूल केल्यासारखं होईल ना? आणि बँक बोलतच नाही म्हणजे तक्रार फेटाळली, असंच समजायचं का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रकमेकडे लक्ष गेलं, दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीवर थांबले. ‘मुलांना टक्केवारी शिकवते आणि मीच फसले, कोणाला सांगायची लाज वाटते,’ असं तुम्ही लिहिलंय. आधी याविषयी बोलू. अशी प्रकरणं अडकून पडतात ती बरेचदा या लाजेपायीच.

मी सत्तावीस वर्षं बँकेत काढली. त्यातली बरीचशी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाखांत, काउंटरवर. अशी बिलं घेऊन माझ्यासमोर डॉक्टर बसलेत, तलाठी बसलेत, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे सरही बसलेत. शाखेत टेबल मांडून बसणारी मुलं पुष्कळदा बाहेरच्या एजन्सीची असतात आणि त्यांची कमाई किती कार्डं खपली त्यावर ठरते. टॅबवर अर्ज भरताना ‘हो’ची खूण ते करतात, ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो आणि गर्दीत उभं राहून तो आपण सांगून टाकतो. दोन ओटीपी आले होते, असं तुम्ही लिहिलंय. त्यातला एक त्या सुरक्षा योजनेचा असू शकतो. तो सांगितला यात तुमचा अडाणीपणा नाही. त्या मुलाने योजनेचं नाव उच्चारलं नसेल, तर तुमचं ‘हो’ कशाला होतं, हा प्रश्न बँकेला विचारायचा आहे. आणि तो विचारायला रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा आधार आहे.

२०२२ साली रिझर्व्ह बँकेने क्रेडिट आणि डेबिट कार्डांसाठी सविस्तर निर्देश काढले. त्यात म्हटलंय की कार्डासोबत दुसरी कुठलीही सेवा द्यायची तर ग्राहकाची संमती स्पष्ट हवी, ती गृहीत धरता येणार नाही. तसंच, ग्राहकाने बिलावर हरकत घेतली की जास्तीत जास्त ३० दिवसांत बँकेने खुलासा करायचा आणि जिथे लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावाही द्यायचा. म्हणजे नुसतं ‘पैसे परत करा’ म्हणण्याऐवजी ‘माझी संमती दाखवा’ असं म्हणा. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या ओटीपीने, कुठल्या मजकुराला मी होकार दिला, याची नोंद मागा. या मागणीला छापील उत्तर पाठवून भागत नाही. कोणाला तरी ती फाइल उघडून बघावीच लागते.

आता बँकेच्या गप्प बसण्याबद्दल. ‘वर पाठवलंय’ हे साहेब खोटं बोलत नसावेत. कार्डाचा विभाग वेगळा असतो, काही ठिकाणी तर कंपनीच वेगळी असते. शाखेतल्या कॉम्प्युटरवर तुमचं कार्डाचं बिल उघडतसुद्धा नाही. तुमचा अर्ज साहेबांनी पुढे पाठवला असेल तर तो मुंबईच्या किंवा चेन्नईच्या कुठल्या तरी रांगेत पडला असेल. गप्प बसणं म्हणजे नकार नव्हे. उलट, लेखी तक्रारीला ३० दिवस झाले आणि उत्तर आलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायची वाट तुम्हाला मोकळी होते. बँकेच्या उत्तराची वाट बघत बसायचं कारणच उरत नाही.

यातला ‘लेखी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तीन फोन केलेत, पण त्यांचा तक्रार क्रमांक तुमच्याकडे नाही. शाखेत अर्ज दिलात, पण त्याच्या प्रतीवर पोच घेतली नाही. अमळनेरच काय, शिरपूर-शहाद्यालाही हेच बघते. साहेब ओळखीचे असतात, चहा पाजतात, मग त्यांच्याकडे शिक्का मागायचा संकोच वाटतो. संकोच करू नका. पोच मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे, आणि चांगले अधिकारी ती न मागता देतात. तुमचा ई-मेल मात्र भक्कम आहे. त्याला आपोआप उत्तर आलं होतं आणि त्यात क्रमांक होता असं तुम्ही म्हणता. तो शोधून काढा. तुमचे दिवस त्या तारखेपासून मोजायचे. म्हणजे ५२ नाही, ४१. तरी ३० च्या पुढे गेलेच आहेत.

आता बिल न भरण्याबद्दल बोलते. इथे मला तुमचं पटत नाही, आणि ते स्पष्टच सांगते. तुमच्या मनात तो निषेध होता. पण बिल काढणाऱ्या यंत्रणेला निषेध कळत नाही, तिला फक्त थकबाकी कळते. तुम्ही ३,५४० रुपयांवर रागावलात आणि त्यासोबत स्वतःच्या खरेदीचे ६,२५०ही अडवून ठेवलेत. पूर्ण बिल मुदतीत भरलं नाही की बिनव्याजी दिवस संपतात आणि खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. बऱ्याच कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. त्यावर उशिराचा आकार आणि या सगळ्यावर पुन्हा जीएसटी. बारा हजारांचा हिशेब असा झाला.

‘मग फक्त माझे ६,२५० भरते, वादाचे ठेवते,’ असं तुम्हाला वाटेल. न्यायाने ते बरोबर आहे. पण बहुतेक कार्डांच्या अटींत भरलेले पैसे आधी कर, शुल्क आणि व्याजात वळते होतात आणि खरेदीचा नंबर शेवटी लागतो. म्हणजे तुमच्या ६,२५० मधून आधी तेच ३,५४० कापले जातील ज्यांच्यावर तुमची हरकत आहे, आणि गणवेशाचे पैसे थकीतच दिसत राहतील.

म्हणून तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा: या आठवड्यात पूर्ण रक्कम भरा, आणि त्याच दिवशी लेखी कळवा की हे पैसे हरकत राखून भरले आहेत.

भरल्याने चूक कबूल होते, हे तुमच्या मनातून काढून टाका. यजमानांच्या दुकानातली उधारीची वही आठवा. कापसाच्या हंगामाअखेर एखादा शेतकरी येतो आणि म्हणतो, ‘भाऊ, युरियाच्या दोनच गोण्या नेल्या होत्या, तुम्ही तीन मांडल्या.’ पुढच्या पेरणीला खत हवं असतं, म्हणून तो हिशेब चुकता करतो, पण त्या तिसऱ्या गोणीपुढे खूण करून घेतो: बघून सांगा. पैसे दिले म्हणून त्याने तिसरी गोणी कबूल केली, असं गावात कोणी म्हणेल का? तुमचा ई-मेल म्हणजे ती खूण. ती न करता गुपचूप भरलेत तर मात्र बँक उद्या म्हणू शकते की ग्राहकाने बिल मान्य केलं होतं.

ई-मेल लांबलचक नको. एवढा मजकूर पुरे: ‘माझ्या कार्डाच्या जूनच्या बिलातील वार्षिक शुल्क व कार्ड सुरक्षा योजना, जीएसटीसह एकूण ३,५४० रुपये, यांवर मी अमुक तारखेला तक्रार क्रमांक अमुकने हरकत घेतली आहे. ३० दिवस उलटूनही खुलासा मिळालेला नाही. थकबाकी वाढू नये म्हणून आज पूर्ण रक्कम हरकत राखून भरत आहे. ही रक्कम मला मान्य नाही. सुरक्षा योजना तत्काळ बंद करावी, माझ्या संमतीची नोंद पाठवावी, आणि ३,५४० रुपये व त्यामुळे लागलेले व्याज, उशिराचा आकार व त्यावरील जीएसटी परत जमा करावा.’ शेवटचं वाक्य विसरू नका. पुष्कळदा बँक मूळ शुल्क परत करते आणि त्याच्या पोटात वाढलेलं व्याज तसंच राहतं. मागितलं नाही तर कोणी आपणहून देत नाही. तुमच्या स्वतःच्या ६,२५० वरचं व्याज मात्र मागू नका. तेवढं तुमच्या थांबण्याने लागलंय, आणि खरी मागणी केली की तिचं वजन वाढतं.

हा ई-मेल बँकेच्या तक्रार निवारणाच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवा. त्याचा पत्ता बिलाच्या मागच्या पानावर किंवा बँकेच्या संकेतस्थळावर असतो.

दोन्ही रकमा मात्र सारख्या नाहीत, हेही समजून घ्या. सुरक्षा योजनेबाबत तुमची बाजू चांगली आहे, कारण संमती सिद्ध करणं बँकेच्या अंगावर येतं. वार्षिक शुल्काचं तसं नाही. कार्डासोबत आलेल्या पाकिटात महत्त्वाच्या अटींचा कागद असेल, तो काढा. त्यावर ‘शुल्क शून्य’ असेल तर प्रश्नच मिटला. त्यावर १,००० रुपये छापलेले असतील तर मग ‘आयुष्यभर मोफत’ या वचनाचा काही तरी पुरावा लागेल: त्या मुलाचा व्हॉट्सॲप निरोप, माहितीपत्रक, टेबलामागच्या फलकाचा फोटो. तुमच्यासोबत त्या दिवशी शाळेतल्या आणखी दोघींनी कार्ड घेतलं म्हणता. त्यांना काय सांगितलं होतं आणि त्यांच्या बिलात काय आलं, ते विचारा. तिघींची हकिगत एकच निघाली तर ते फार बोलकं असतं. लाजेने गप्प राहिल्यामुळे कदाचित तुम्ही अजून एकमेकींशी बोललाही नसाल.

ई-मेल पाठवून झाला की लोकपालाकडे जा, आणखी वाट बघू नका. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये सगळ्या बँकांसाठी एकच एकात्मिक लोकपाल योजना सुरू केली. त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, वकील लागत नाही, फी लागत नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरता येते. इंटरनेटचं जमत नसेल त्यांना चंडीगडच्या रिझर्व्ह बँक केंद्राकडे टपालानेही पाठवता येते. १४४४८ या क्रमांकावर विचारपूस करता येते, मराठीतूनही. सोबत चार कागद जोडा: बिल, ४१ दिवसांपूर्वीचा ई-मेल, त्याचं क्रमांक असलेलं उत्तर आणि भरणा केल्याची पावती. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त असू द्या. मनस्तापाची भरपाई मागायची सोय अर्जात आहे. शाळेत फोन येऊन तुमची मान खाली गेली, ते तिथे जरूर लिहा.

ग्राहक आयोगाचं दार त्यानंतरही उघडं असतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी जिल्हा आयोग आहेत. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. फक्त दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असलं की लोकपाल ते हातात घेत नाही. साडेतीन हजारांसाठी मी तरी आधी लोकपालच सुचवेन.

घराच्या कर्जाची यजमानांची काळजी रास्त आहे. ती ‘भित्रेपणा’ म्हणून तुम्ही उडवून लावलीत, ते मला थोडं खटकलं. दोन महिन्यांची थकबाकी सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात दिसू शकते. वादात असलेल्या रकमेची थकबाकी वाद मिटेपर्यंत कळवू नये, असं निर्देशांत आहे. पण तुमच्या स्वतःच्या खरेदीला ते संरक्षण नाही, कारण तिच्यावर वाद नव्हताच. भरणा झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी अहवाल काढून बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. चुकीची नोंद दिसली तर सिबिलकडे आणि बँकेकडे दुरुस्ती मागा. त्यालाही ३० दिवसांची मुदत आहे, आणि ती चुकली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. घरकर्जाचा अर्ज पुढच्या वर्षी आहे ना, तोवर हे सगळं निस्तरतं.

वसुलीच्या फोनबद्दल. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. धमकावणं, चारचौघांत अपमान करणं, नातेवाइकांना त्रास देणं यालाही. फोन आला तर वाद घालू नका. नाव, एजन्सी आणि वेळ लिहून घ्या, ‘रक्कम हरकत राखून भरली आहे, तक्रार क्रमांक हा’ एवढं सांगा आणि ठेवा. मुख्याध्यापकांनाही आपणहून दोन वाक्यांत सांगून ठेवा. बाहेरून अर्धवट कानावर येण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

कार्ड रागाच्या भरात आजच बंद करू नका. आधी परतावा जमा होऊ द्या, कारण एकदा कार्ड बंद झालं की जुन्या तक्रारीचा माग काढणं तुम्हालाच जड जातं. तोवर ते वापरू नका, एवढंच. नंतर बंद करायचा लेखी अर्ज द्या. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केलं पाहिजे. नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. हा नियम शाखेत फारसा कोणी सांगत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं, कारण वरचा सल्ला प्रत्येकाला लागू नाही. कार्डावर तुम्ही न केलेली खरेदी दिसली, म्हणजे सरळ चोरी, तर ३० दिवसांची भाषा विसरा. त्याच तासाला कार्ड बंद करा, बँकेला कळवा, १९३० वर सायबर तक्रार करा. तुमचा निष्काळजीपणा नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच भार येत नाही, आणि बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या अंगावर येऊ शकतात. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तिथे एकेक तास मोलाचा. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत आकार लावता येत नाही, त्यामुळे ती रक्कम हरकत राखून भरायचीही गरज नाही.

दुकानात कार्ड फिरवलं, पैसे कटले पण दुकानदाराला मिळाले नाहीत, असंही होतं. भुसावळच्या एका वाचकाने मागे हेच विचारलं होतं. तिथे पाच दिवसांत रक्कम आपोआप उलटली पाहिजे, नाहीतर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये. आणि ज्यांनी कधी मागितलंच नाही अशांच्या नावावर कार्ड काढून बिल लावलं असेल, तर बँकेला ते शुल्क मागे घेऊन वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. ताई, हा दुपटीचा नियम तुम्हाला लागू होणार नाही, कारण अर्ज तुम्ही भरला होता. कोणी तो सांगून तुमची आशा वाढवली तर आधीच माहीत असावं म्हणून लिहिलं.

ई-मेल आज रात्री दुकान बंद झाल्यावर यजमानांना शेजारी बसवून लिहा. तारखा आणि आकडे त्यांना तपासू द्या, रोजचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या नजरेतून चूक सुटत नाही. पैसे भरल्याची पावती मोबाइलमध्ये न ठेवता छापून घ्या. लोकपालाकडून तक्रार नोंदल्याचा क्रमांक आला की मला कळवा. आणि त्या दोन मैत्रिणींच्या बिलात काय निघालं, तेही.